शेजारच्या खोलीतून छान वाजणारे स्पीकर

माझ्या जुन्या स्पीकरांची खोड त्यांच्यासमोर बसून मला कधी कळलीच नाही. कळली ती शेजारच्या खोलीत.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास टेबलाशी, समोर पानांचा गठ्ठा, हातात लाल पेन, आणि काहीतरी वाजत असतं. बहुतेक वेळा गाणं, कधी नुसती बासरी, कधी एखादं जुनं ध्वनिमुद्रित भाषण. गेली काही वर्षं चाळीसएक मिनिटं झाली की माझा हात आपोआप व्हॉल्यूमकडे जायचा. थोडं कमी, मग आणखी थोडं, मग बंदच. मला वाटायचं कामाचा शीण आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघून बघून डोकं उठतंच. एकदा टेबलावरचा दिवा गेला म्हणून पानं उचलून शेजारच्या खोलीत जाऊन बसले. गाणं इकडे चालूच राहिलं, दार उघडं. गठ्ठा संपला तेव्हा लक्षात आलं की तीन तास झाले आणि आवाज कमी करायला मी एकदाही उठले नव्हते. तेच स्पीकर, तेच गायक, तेच रटाळ काम.

दादाला फोन केला. आमच्यात या विषयातलं कळणारा तो एकटा, आणि कळतं म्हणून घरात बदनामही तोच.

“दारातून येताना काय गळून पडतं याचा विचार कर,” तो म्हणाला. “खर्ज दाराला वळसा घालून येतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात, ते तुझ्यापर्यंत पोचलेच नाहीत.”

“म्हणजे माझे कान म्हातारे झाले?”

“अगं, उलट. नको तिथे तिखट आहेत. सगळ्यांचेच असतात. तुझं भांडण तीन किलोहर्ट्झशी आहे.”

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. बासरी कशी तिच्या लांबीनुसार ठरावीक सुराला घुमते, तशी ही नळीही घुमते, आणि तिचा सूर ३,००० हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनांच्या, म्हणजेच दादाच्या तीन किलोहर्ट्झच्या) आसपास येतो. म्हणून २,००० ते ५,००० या पट्ट्यात आपण सगळ्यात हलका आवाजही ऐकतो. व्यंजनं तिथेच कळतात, बोलण्यातला अर्थ तिथेच राहतो. स्पीकरने याच पट्ट्यात दोन-तीन डेसिबल जास्त ओतले की पहिल्या पाच मिनिटांत तो ‘काय स्वच्छ आहे!’ असा वाटतो. पन्नासाव्या मिनिटाला कुणीतरी आपल्याशी सतत जरा वरच्या पट्टीत बोलतंय असं वाटायला लागतं.

मी अर्थातच आधी फुकटातला उपाय केला. ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे वरच्या सुरांचं, बटण डावीकडे फिरवलं. झांजांची चमक गेली, ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले, तंबोऱ्यावर कुणी चादर टाकली. बोचणं मात्र होतं तिथेच. त्याचं कारण साधं आहे. हे बटण १० किलोहर्ट्झच्या आसपास जोरात काम करतं, आणि तीन किलोहर्ट्झपर्यंत खाली येता येता त्याचा जोर ओसरलेला असतो. मी मलम लावत होते, पण भलत्या जागी. इथे माझा एक गैरसमज गेला, आणि तो बऱ्याच जणांचा असतो असं मला दिसतं: ऊबदार आवाज म्हणजे कमी ट्रेबल. तसं नाही. वरची चमक पूर्ण ठेवूनही आवाज ऊबदार असू शकतो, आणि चमक कापूनही बोचरा राहू शकतो.

ट्वीटरवर, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या घुमटावर, टिश्यू पेपर लावण्याचा प्रयोगही केला, लपवत नाही. त्याला इतिहास आहे. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या वूफरचा (वूफर म्हणजे खालचे सूर काढणारा मोठा शंकू) स्पीकर १९७८ साली आला, घरात ऐकण्यासाठी. घरांत त्याचं फारसं जमलं नाही, पण ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी तो उचलून धरला, कारण मधल्या पट्ट्यातल्या चुका तो निष्ठुरपणे दाखवायचा. तरीही त्याचा कर्कशपणा सोसेना म्हणून तंत्रज्ञ ट्वीटरवर टिश्यू चिकटवायचे. ज्या वस्तूसमोर पगारी माणसंसुद्धा कागदाआड लपतात, तसलीच वस्तू मी हौसेने समोर ठेवून सहा तास बसत होते. माझ्या टिश्यूने काय झालं? टिश्यू दोन दिवसांनी पडला. बाकी काही नाही.

मग ठरलं, नवे घ्यायचे. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढेच, कारण जागा तेवढीच आहे. दादाने बजावलं, “छोट्या पेटीकडून सगळं मागू नकोस.” याला हॉफमनचा नियम म्हणतात: छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजेत मोठा आवाज, या तिघांतले दोनच मिळतात. मला छोटी पेटी हवी होती आणि बऱ्यापैकी खर्ज. मोठा आवाज नको होता, त्यामुळे माझा हिशेब सोपा होता. मी कानापासून सव्वा मीटरवर बसते आणि फार तर ६८-७० डेसिबलवर ऐकते. एका वॅटला एका मीटरवर ८४ डेसिबल देणारा, म्हणजे कागदावर ‘मंद’ म्हणावा असा स्पीकर घेतला, तरी त्या आवाजाला सरासरी वॅटचा विसावा भाग पुरतो. अचानक वीस डेसिबलची उसळी आली तरी पाचेक वॅट. शंभर वॅटच्या ॲम्प्लिफायरची चर्चा माझ्यापुरती तिथेच संपली.

या ८४ विषयी थोडं थांबते, कारण मला ते सगळ्यात उशिरा कळलं. अरुंद पेटीतून निघालेला वरचा आवाज फक्त पुढे जातो, पण साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज पेटीला वळसा घालून मागेही जायला लागतो. म्हणजे समोर बसलेल्याला खालचे सूर निम्म्यापर्यंत कमी मिळतात. बनवणाऱ्याकडे दोन मार्ग असतात. आतल्या क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, वरचे सूर तेवढे दाबायचे, म्हणजे तोल जमतो पण संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला किती आवाज याचा, आकडा घसरतो. किंवा दाबायचे नाहीत, म्हणजे आकडा ८९-९० असा भरघोस छापता येतो आणि आवाज सडपातळ, वर उचललेला येतो. माझ्या जुन्या जोडीवर आकडा भरघोस होता. मी तो बघूनच घेतली होती.

दादाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला फार आवडली. बीबीसीला १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणासाठी गाडीत मावेल असा छोटा स्पीकर हवा होता. त्यांच्या संशोधन विभागाने एलएस३/५ए तयार केला: तीस सेंटिमीटर उंच, एकोणीस रुंद, आत जेमतेम पाच लिटर हवा. केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर, पातळ बर्च प्लायची पूर्ण बंद पेटी, आणि ट्वीटरच्या भोवती फेल्टच्या जाड पट्ट्या, म्हणजे पेटीच्या कडांवर आपटून आवाज विस्कटू नये. संवेदनशीलता ८२-८३ डेसिबल. त्यांनी सगळ्यात जास्त काळजी घेतली ती माणसाच्या बोलण्याची. आतून खोल खर्ज निघणं शक्यच नव्हतं, पण वरच्या खर्जात हलकासा फुगवटा आहे, त्यामुळे पेटी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. संगणकाच्या पडद्याच्या निम्म्याही नसलेल्या या ठोकळ्याचे चाहते पन्नास वर्षांनीही आहेत. त्या विभागातले डडली हारवुड यांनी पुढे १९७७ मध्ये हार्बेथ ही कंपनी काढली आणि तो घरंदाज, न ओरडणारा आवाज तिथे चालू राहिला. मी काही एलएस३/५ए घेतला नाही. पण काय शोधायचं ते मला त्या गोष्टीतून कळलं: बोलणं खरं वाटलं पाहिजे, बाकी नंतर.

आठवडाभरासाठी तीन जोड्या घरी आल्या. नावं सांगत नाही, कारण पुढे मी त्यांच्याविषयी वाईटही बोलणार आहे. काळा, लाकडी आणि बुटका म्हणू.

भाची सुट्टीवर होती, तिला कामाला लावलं. स्पीकरांपुढे पातळ कापड टांगलं, वायरी तिने बदलायच्या, मी पाठ करून बसायचं. हे नाटक वाटेल, पण फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलंय की डोळ्यांना पेटी दिसली की कान तिच्या रूपाला आणि नावाला गुण देतात. दुसरी खबरदारी आवाजाची पातळी सारखी करण्याची. जो एखाद्या डेसिबलने मोठा तो चांगला वाटतो, हमखास. फोनवरचं मोजमापाचं ॲप आणि पिंक नॉइज नावाची, सगळे सूर एकत्र असलेली खरखर वापरून भाचीने प्रत्येक वेळी आवाज जुळवला. “आत्या, हे किती वेळ चालणार?” हा तिचा प्रश्न रास्त होता, कारण माझी कसोटी लांबलचक होती. दहा मिनिटांची तुलना मी करायचीच नाही असं ठरवलं होतं. वहीत एकच नोंद: हात व्हॉल्यूमकडे किती मिनिटांनी गेला.

पहिल्या पाच मिनिटांत काळा जिंकला. निर्विवाद. तंबोऱ्याची जवारी तारेतारेने मोजता येत होती, गायिकेने श्वास घेतला तो आपल्या खांद्यावर पडल्यासारखा. मी भाचीला म्हटलंसुद्धा, हाच. वहीतली नोंद: पस्तीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी एकतीस.

लाकडी दिसायला इतका देखणा की कापड काढल्यावर मला वाईट वाटलं. त्याचा आवाज पहिल्या क्षणी ऊबदारच वाटला. पण भाषण लावलं आणि वक्त्याला सर्दी झाली. बाईचा आवाज लावला, तिलाही सर्दी. हार्मोनियमची पेटी मोठी झाली, डग्ग्याची घुमक एका ठोक्यातून पुढच्या ठोक्यात सांडायला लागली. थकवा नव्हता, पण शब्द कळायला कान टवकारावे लागत होते आणि तोही एक थकवाच. थोडी चौकशी केल्यावर कळलं की यात त्याचा दोष निम्माच. त्याच्या पाठीमागे खर्जासाठीचं भोक, म्हणजे पोर्ट, होतं आणि मी त्याला फळीत भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. भिंत खर्ज वाढवते. दोन्ही बाजूंना पुस्तकं खेटून लावली की तीही भिंतच होते, आणि मघाशी सांगितलेला तो मागे जाणारा आवाज परत पुढे येतो. मोकळ्या स्टँडवर तोल जमावा म्हणून बनवलेला स्पीकर फळीत असा फुगतो. पोर्टमध्ये पायमोजा कोंबला. खरंच. बोळा घट्ट बसवला तर ती पेटी बंद पेटीसारखी वागायला लागते, खर्ज थोडा आधीपासून पण सावकाश उतरतो. सर्दी बरीच कमी झाली. बाईच्या आवाजाची बैठक मात्र बिघडलेलीच राहिली; तो छातीतून येत होता, गळ्यातून नाही.

बुटका बंद पेटीचा. तेरा सेंटिमीटरचा वूफर, कापडी घुमटाचा ट्वीटर, संवेदनशीलता ८४. पहिल्या पाच मिनिटांत मी लिहिलं: “ठीक. काही खास नाही.” पुढची नोंद नाही. म्हणजे त्या दिवशी आहे ती रात्रीची, भाचीच्या अक्षरात: “आत्याने बंद केलाच नाही.”

आता काळा का हरला? त्याचा ट्वीटर धातूचा होता, म्हणून मी लगेच धातूला दोष दिला. दादाने फटकारलं. चांगल्या धातूच्या घुमटाचं स्वतःचं किणकिणणं २० किलोहर्ट्झच्या वर असतं, आणि माझं वय ५२, मला १२ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही (हे ॲपवर तपासलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही). खरं कारण वूफरच्या आकारात होतं. ३,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटर भरते. काळ्याचा वूफर साडेसोळा सेंटिमीटरचा. लहर वूफरच्या शंकूपेक्षा आखूड झाली की तो टॉर्चसारखा फक्त समोर फेकायला लागतो. मग त्याच ठिकाणी काम ट्वीटरकडे जातं, आणि तो इवलासा घुमट एकदम दिव्यासारखा चहूकडे उजळतो. समोर माइक ठेवून मोजलं तर आलेखाची रेघ सरळ येते. पण बाजूच्या भिंतीवर, छतावर आणि माझ्या टेबलाच्या काचेवर तीन-चार किलोहर्ट्झचा अचानक पूर येतो, आणि तिथून उसळून तो सगळा माझ्याकडे. कान समोरचंही ऐकतो, भिंतीचंही. बुटक्याचा वूफर लहान, त्यामुळे वूफर-ट्वीटरमधला हा सांधा बेमालूम. माझ्या जुन्या जोडीचा वूफरही साडेसोळाचाच होता, हे सांगायला नकोच.

म्हणूनच नुसत्या इक्वलायझरने, म्हणजे एकेका पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, माझं काम पूर्ण झालं नसतं. करून पाहिलं: जुन्या जोडीवर तीन किलोहर्ट्झला अडीच डेसिबलचा खड्डा. पहिल्या तासाला बरं वाटलं. पण भिंतीवरचा पूर कमी करायला गेलं की समोरून येणारा सरळ आवाजही तेवढाच कमी होतो, आणि गायक पडद्यामागे जाऊन बसतो. तरी ज्यांना नवे घ्यायचे नाहीत त्यांनी हे आधी करून बघावंच.

बुटका थोडा खालच्या बाजूला झुकलेला आहे, हे कबूल. १०० ते २५० हर्ट्झमध्ये तो इतरांपेक्षा एखाद-दुसरा डेसिबल जास्त देतो. मोठ्या आवाजात हे जड वाटेल. पण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय की आवाज हलका केला की आपल्या कानाला खर्ज मधल्या सुरांपेक्षा जास्त झपाट्याने कमी ऐकू येतो. मी कायम हलक्या आवाजात ऐकणारी, त्यामुळे त्याचं झुकणं माझ्या कानाची तूट भरून काढतं. तुम्ही जोरात ऐकत असाल तर माझा आवडता स्पीकर तुम्हाला ढेपाळलेला वाटू शकतो, आणि ते बरोबरच असेल.

घेतल्यावर फळीतली मांडणी बदलली. पेटी आत ढकलून ठेवायची सवय मोडली. आता तिचा चेहरा फळीच्या कडेला टेकलेला असतो, नाहीतर फळीच आवाज परतवते. बाजूला पुस्तकं आहेत, पण चार बोटं अंतर सोडून, आणि ओळ मुद्दाम वाकडीतिकडी. खाली रबराचे तुकडे देऊन पेट्या जरा मागे कलत्या केल्या, म्हणजे ट्वीटर कानाच्या रेषेत येतो. दोन्ही स्पीकर थेट माझ्याकडे तोंड करून नाहीत. त्यांच्या रेषा माझ्या डोक्याच्या बऱ्याच मागे मिळतात. टेबलाच्या काचेवर जाड सुती कापड अंथरलं. एवढ्याशा कापडाने जेवढा फरक पडला, तेवढ्यासाठी लोक वायरी बदलत बसतात.

गमावलं काय? डग्ग्याचा सगळ्यात तळाचा ‘घूं’ येत नाही. ७५ हर्ट्झच्या आसपास बुटका हात टेकतो. तंबोऱ्याच्या जवारीचं ते तार मोजावी असं लख्ख चित्र नाही, एकसंध झिरमिळ आहे. मोठ्या वाद्यवृंदाला लागणारी आवाजाची खोली मिळत नाही. कधी कधी काळ्याची आठवण येते, मुख्यत्वे रात्री, एखादंच गाणं लक्ष देऊन ऐकायचं असतं तेव्हा. एका गाण्यापुरता तो अजूनही जास्त चांगला स्पीकर आहे.

जुनी जोडी दादा घेऊन गेला. त्याची खोली मोठी, जाड गालिचा, भिंतींवर पडदे; त्याने ती मोकळ्या स्टँडवर ठेवून तीन मीटर लांबून ऐकली आणि मला फोन केला. म्हणाला, “उगाच नावं ठेवत होतीस, छान वाजतायत. ऐकायला ये.” जाणार आहे. पानांचा गठ्ठा सोबत नेईन, आणि वहिनीला सांगून शेजारच्या खोलीत बसेन.